एसएनएमपीला स्विचमधले मॅक ॲड्रेस सापडत नाहीत: व्हीलॅनप्रमाणे माहिती कशी काढायची

तक्रार नेहमीचीच असते. एसएनएमपीवर (नेटवर्कच्या यंत्रांकडून दुरून माहिती विचारण्याची पद्धत) चालणारं मॉनिटरिंग बसवलं, सगळे स्विच त्यात घेतले, पोर्टचा ट्रॅफिक दिसतो, सीपीयू दिसतो, पंखा चालू आहे की बंद तेसुद्धा दिसतं. पण ‘हा मॅक ॲड्रेस, म्हणजे यंत्राचा हार्डवेअर पत्ता, कुठल्या पोर्टवर आहे?’ असं विचारलं की उत्तर येत नाही. स्विचवर लॉगिन करून मॅक टेबल (कुठला मॅक कुठल्या पोर्टवर याची यादी) बघावं तर शेकडो नोंदी. एसएनएमपीने तेच टेबल वॉक करावं (ओळीमागून ओळ मागत जावं) तर चार-पाच, आणि त्याही बहुतेक शेजारच्या स्विचच्या. मग कोणी फर्मवेअर बदलायला सांगतं, कोणी टूल. कशीबशी गाडी रुळावर येते आणि काही महिन्यांनी नवीन व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेलं वेगळं आभासी नेटवर्क) काढला किंवा एसएनएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीवर, व्ही३ वर, गेलं की हीच तक्रार पुन्हा दारात उभी.

इथे मी मुख्यतः सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचबद्दल लिहितो आहे, कारण हा घोळ तिथे हमखास होतो. बाकीच्या कंपन्यांचं पुढे येईल. ओआयडी (एसएनएमपीतल्या प्रत्येक माहितीचा पत्ता) मुद्दाम आकड्यांत दिले आहेत. मिब फाइली (त्या पत्त्यांना नावं देणाऱ्या याद्या) लोड केलेल्या नसल्या तरी आकडे चालतात आणि नावांच्या स्पेलिंगमध्ये वेळ जात नाही.

मूळ कारण

मॅक टेबल एसएनएमपीतून देण्याची प्रमाणित जागा म्हणजे ब्रिज मिब. तिची रुळलेली आवृत्ती १९९३ साली आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) १४९३ म्हणून आली. तेव्हा एक डबा म्हणजे एक ब्रिज आणि एका ब्रिजचं एकच फॉरवर्डिंग टेबल, असा सरळ हिशेब होता. त्यामुळे १.३.६.१.२.१.१७.४.३ या टेबलात प्रत्येक ओळ ओळखायची ती फक्त मॅक ॲड्रेसवरून. व्हीलॅन क्रमांकाला तिथे जागाच नाही. २००५ मध्ये आरएफसी ४१८८ ने ही मिब नव्याने लिहिली, पण टेबलाची घडण तीच राहिली.

व्हीलॅन आले आणि एकाच डब्यात अनेक ब्रिज नांदायला लागले. सिस्कोने त्यावर असा मार्ग काढला की प्रत्येक व्हीलॅनसाठी ब्रिज मिबची स्वतंत्र प्रत ठेवायची, आणि कुठली प्रत हवी ते विचारणाऱ्याने सांगायचं. आता अडचण अशी की एसएनएमपी व्ही१ आणि व्ही२सी च्या पॅकेटमध्ये हे सांगायला वेगळा रकाना नाही. आवृत्ती, कम्युनिटी स्ट्रिंग (पासवर्डसारखा शब्द) आणि प्रश्न, एवढाच त्याचा संसार. म्हणून व्हीलॅनचा आकडा कम्युनिटीलाच जोडला गेला. तुमची कम्युनिटी ‘वाचक’ असेल तर व्हीलॅन १० च्या टेबलासाठी ‘वाचक@१०’ आणि व्हीलॅन २० साठी ‘वाचक@२०’ असं द्यायचं. नुसतं ‘वाचक’ दिलं तर स्विच व्हीलॅन १ धरून चालतो.

ती चार-पाच नोंदींची भानगड यातून आलेली आहे. नीट आखलेल्या नेटवर्कमध्ये युजरना व्हीलॅन १ वर कोणी ठेवत नाही. तिथे उरतात स्विचचे आपापसातले मॅक. म्हणजे नेटवर्क जितकं शिस्तीचं, तितकं हे टेबल रिकामं. स्विच खोटं बोलत नसतो. आपण भलत्याच ब्रिजला प्रश्न विचारलेला असतो.

‘वाचक@१०’ ही कम्युनिटी स्विचवर वेगळी तयार करावी लागत नाही. मूळ कम्युनिटी असली की व्हीलॅनवाल्या सगळ्या आपोआप चालतात. कित्येक ठिकाणी कॉन्फिगमध्ये प्रत्येक व्हीलॅनची स्वतंत्र कम्युनिटी लिहून ठेवलेली आढळते. त्या ओळींचा उपयोग शून्य आणि पुढे कम्युनिटी बदलताना त्यातली एखादी राहून गेली की सुरक्षेला भोक पडतं. काढून टाका. आणि मूळ कम्युनिटीच्या नावात @ हे चिन्ह कधीच वापरू नका. त्या चिन्हापुढचा भाग स्विच व्हीलॅन म्हणूनच वाचणार.

एक मॅक शेवटपर्यंत शोधून पाहू

समजा व्हीलॅन १० मधलं एक मशीन शोधायचं आहे, मॅक ००:५०:५६:ए३:१२:०७. (पहिले तीन भाग व्हीएमवेअरचे आहेत, म्हणजे हे व्हर्च्युअल मशीन असणार.) ‘वाचक@१०’ कम्युनिटी देऊन १.३.६.१.२.१.१७.४.३.१.२ हा कॉलम वॉक केला की अशी ओळ मिळते:

.१.३.६.१.२.१.१७.४.३.१.२.०.८०.८६.१६३.१८.७ = २४

शेवटचे सहा आकडे म्हणजेच मॅक ॲड्रेस, दशमान पद्धतीत. ५० चे ८०, ५६ चे ८६, ए३ चे १६३, १२ चे १८. उजवीकडचा २४ मात्र घाईत ‘पोर्ट २४’ म्हणून वाचला जातो आणि तिथेच पुष्कळांची वाट चुकते. तो ब्रिज पोर्टचा क्रमांक आहे. तो स्विचच्या पुढच्या पट्टीवर छापलेल्या क्रमांकाशी जुळेलच असं नाही, आणि इंटरफेस इंडेक्स (स्विचने प्रत्येक इंटरफेसला आतून दिलेला क्रमांक) तर तो नव्हेच.

तो इंटरफेस इंडेक्समध्ये बदलायचा तर पुन्हा ‘वाचक@१०’ च देऊन १.३.६.१.२.१.१७.१.४.१.२.२४ विचारायचं. उत्तर येईल समजा १०१२४. मग त्या इंडेक्सचं नाव १.३.६.१.२.१.३१.१.१.१.१.१०१२४ वर मिळतं: गिगाबिट १/०/२४. नाव विचारताना @१० लागत नाही, कारण इंटरफेसचं टेबल सगळ्या डब्याचं एकच असतं.

मधल्या पायरीवर जरा थांबतो, कारण स्वतः स्क्रिप्ट लिहिणारे इथेच अडकतात. मॅकचा कॉलम @१० ने आणतात आणि ब्रिज पोर्टचा कॉलम एकदाच, नुसत्या ‘वाचक’ने, ‘सगळ्यांना तोच लागेल’ म्हणून. पण व्हीलॅन १ च्या प्रतीत फक्त व्हीलॅन १ मध्ये असलेले पोर्ट असतात. ट्रंक पोर्ट (अनेक व्हीलॅन नेणारे) तिथे सापडतात, ॲक्सेस पोर्ट (एकाच व्हीलॅनचे) सापडत नाहीत. परिणाम विचित्र दिसतो: मॅक सगळे मिळाले, पण पोर्टचं नाव कळतं ते फक्त अपलिंकचं (दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टचं), आणि युजरच्या पोर्टपुढे रिकामी जागा. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘सगळे मॅक अपलिंकवरच’ असं दिसत असेल तर आधी हेच तपासा.

याच टेबलाच्या तिसऱ्या कॉलममध्ये, १.३.६.१.२.१.१७.४.३.१.३ वर, नोंदीची जात असते. ३ म्हणजे शिकलेला मॅक, ४ म्हणजे स्विचचा स्वतःचा. ४ वाल्या नोंदी गाळा, नाहीतर स्विच स्वतःलाच शोधून काढत बसेल. आणि पोर्टच्या जागी ० आला तर अर्थ एवढाच की त्या मॅकबद्दल स्विचकडे काहीतरी माहिती आहे, पण तो कुठल्या पोर्टवर शिकला हे ठरलेलं नाही.

कुठले व्हीलॅन विचारायचे

एक ते ४०९४ सगळे विचारणं हा मूर्ख मार्ग आहे आणि स्विचला त्याचा खरोखर त्रास होतो. यादी स्विचकडूनच घ्या: १.३.६.१.४.१.९.९.४६.१.३.१.१.२. यात शेवटचा आकडा व्हीलॅन क्रमांक आणि उत्तर १ आलं तर व्हीलॅन चालू. शेजारचा कॉलम ३ व्हीलॅनचा प्रकार सांगतो आणि कॉलम ४ नाव. प्रकार १ म्हणजे इथरनेट, तेवढेच घ्या. कारण प्रत्येक कॅटॅलिस्टच्या यादीत १००२ ते १००५ हे चार व्हीलॅन असतातच. ते टोकन रिंग आणि एफडीडीआय या जुन्या नेटवर्क प्रकारांसाठी राखून ठेवलेले आहेत, पुसता येत नाहीत, आणि ‘वाचक@१००२’ ने विचारलं तर उत्तराऐवजी टाइमआउट मिळतो. प्रत्येक टाइमआउटला काही सेकंद, वर पुन्हा प्रयत्न, गुणिले चार व्हीलॅन, गुणिले सगळे स्विच. ‘आमचं पोलिंग रात्रभर चालतं’ असं कोणी म्हणालं तर मला पहिला संशय याच चौघांचा येतो.

दुसरी छाननी अशी. व्हीटीपी (व्हीलॅनची यादी सगळ्या स्विचवर पसरवणारी सिस्कोची सोय) वापरत असाल तर इमारतीच्या कोपऱ्यातल्या स्विचलाही सगळ्या संस्थेचे व्हीलॅन माहीत असतात, जरी त्याच्या पोर्टवर त्यातले तीनच वापरात असले तरी. ॲक्सेस पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये आहे ते १.३.६.१.४.१.९.९.६८.१.२.२.१.२ वर इंटरफेस इंडेक्सप्रमाणे मिळतं. ट्रंकवर कुठल्या व्हीलॅनना परवानगी आहे ते १.३.६.१.४.१.९.९.४६.१.६.१.१.४ वर बिटांच्या पट्ट्यात असतं: १२८ ऑक्टेट (आठ-आठ बिटांचे गट), म्हणजे ० ते १०२३ पर्यंतचे व्हीलॅन. त्यापुढच्यांसाठी त्याच टेबलातले १७, १८ आणि १९ हे कॉलम. १०२३ च्या वरचे व्हीलॅन ‘गायब’ होण्याचं कारण बहुधा हेच, की स्क्रिप्टने पहिलाच पट्टा वाचलेला असतो.

टाइमआउट आणि रिकामं उत्तर यात फरक करा

निदानाच्या दृष्टीने मला ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. व्ही२सी मध्ये कम्युनिटी चुकली तर स्विच ‘चुकलं’ असं सांगत नाही. पॅकेट टाकून देतो आणि गप्प बसतो. तुमच्याकडे ते टाइमआउट म्हणून दिसतं. उलट, कम्युनिटी मान्य झाली पण टेबलात काही नाही, तर ‘या ओआयडीवर असं काही नाही’ अशा अर्थाचं उत्तर लगेच येतं. टाइमआउट म्हणजे दारच उघडलं नाही. रिकामं म्हणजे आत गेलात, पण खोलीत कोणी नाही. दोन्हीचे उपाय वेगळे.

टाइमआउट येत असेल तर आधी नुसती कम्युनिटी चालते का बघा: १.३.६.१.२.१.१.५.० वर स्विचचं नाव मागा. तेही आलं नाही तर प्रश्न व्हीलॅनचा नाहीच. ॲक्सेस लिस्ट, फायरवॉलमधला यूडीपी १६१ किंवा चुकीची कम्युनिटी बघा. नाव आलं पण @१० ला गप्प, तर तो व्हीलॅन या स्विचवर तयार आहे का आणि चालू आहे का ते बघा. व्हीलॅन दुसऱ्या स्विचवर तयार केला आणि इथे करायचा राहिला, हे फार सामान्य आहे. कम्युनिटीवर व्ह्यू (कुठल्या शाखा दिसाव्यात याची मर्यादा) लावलेला असेल तर तोही डोळ्यांखालून घाला, जरी त्याने टाइमआउट नव्हे, रिकामं उत्तर येत असलं तरी. सुरक्षेसाठी कोणी फक्त इंटरफेसची शाखा उघडी ठेवली असेल तर १७ ची सगळी शाखा तुम्हाला दिसणारच नाही, व्हीलॅन कुठलाही द्या.

रिकामं उत्तर येत असेल तर शंका मॅक टेबलावर घ्यायची, त्याबद्दल पुढे लिहितो. पण आधी एक अपवाद. पोर्ट सिक्युरिटी किंवा ८०२.१एक्स (पोर्टवर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या सोयी) लावलेल्या पोर्टवरचे मॅक लॉगिन करून पाहिल्यावर ‘स्टॅटिक’ म्हणून दिसतात, आणि कित्येक कॅटॅलिस्टवर ते ब्रिज मिबच्या या टेबलात उतरतच नाहीत. नेमके सुरक्षित केलेले पोर्टच रिपोर्टमध्ये कोरे दिसत असतील तर पोलिंगला दोष देऊ नका; ते मॅक पोर्ट सिक्युरिटीच्या वेगळ्या मिबमधून आणावे लागतात.

व्ही३ वर गेल्यावर पुन्हा तीच तक्रार

व्ही२सी मध्ये कम्युनिटी उघड्या अक्षरांत जाते, म्हणून व्ही३ वर जाणं योग्यच आहे. पण तिथे कम्युनिटीच नाही, तर @१० कशाला जोडणार? व्ही३ मध्ये त्यासाठी कॉन्टेक्स्ट नावाचा स्वतंत्र रकाना दिलेला आहे, आणि कॅटॅलिस्टवर त्याचं नाव ‘व्हीलॅन-१०’ असं असतं, इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जोडरेघ. नेट-एसएनएमपी या कमांड-संचाच्या कमांडला लहान ‘एन’ या पर्यायाने ते देता येतं. रचना म्हणून ही व्ही२सी पेक्षा कितीतरी स्वच्छ आहे: पासवर्ड पासवर्डच्या जागी, व्हीलॅन व्हीलॅनच्या जागी.

फरक इतकाच की व्ही२सी मध्ये जे आपोआप मिळत होतं, ते इथे परवानगीने मिळतं. युजर ज्या ग्रुपमध्ये आहे त्या ग्रुपला प्रत्येक कॉन्टेक्स्टची मुभा द्यावी लागते. ती दिली नसेल तर साधे प्रश्न व्यवस्थित चालतात, आणि कॉन्टेक्स्ट लावला की ‘ऑथरायझेशन एरर’ येते. ती दिसली की पासवर्ड बदलत बसू नका. पासवर्ड बरोबर आहे, म्हणूनच स्विचने एवढं तरी सांगितलं.

जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या स्विचमधलं सॉफ्टवेअर) प्रत्येक व्हीलॅनच्या कॉन्टेक्स्टसाठी ग्रुपची एकेक ओळ लिहावी लागायची. नवीन व्हीलॅन काढला आणि ओळ लिहायची राहिली की तेवढाच व्हीलॅन मॉनिटरिंगमधून गायब. तक्रार परत परत येण्याचं हे फार मोठं कारण आहे. नव्या आवृत्त्यांत ग्रुपच्या ओळीत कॉन्टेक्स्ट म्हणून नुसतं ‘व्हीलॅन-’ लिहून पुढे ‘मॅच प्रिफिक्स’ जोडता येतं. मग ‘व्हीलॅन-’ ने सुरू होणारे सगळे कॉन्टेक्स्ट, पुढे निघणारे व्हीलॅनसुद्धा, त्यात येतात. तुमच्या स्विचवर ही सोय असेल तर दुसरा विचारच करू नका. मात्र ही ओळ ग्रुपच्या मूळ ओळीच्या जोडीला लिहायची असते. मूळ ओळ काढून ही टाकली तर साधे प्रश्न बंद पडतात.

नेटडिस्को, लिब्रेएनएमएस यांसारखी टूल कॅटॅलिस्ट ओळखून @ किंवा कॉन्टेक्स्ट स्वतः लावतात. त्यामुळे व्ही२सी वर ती बिनबोभाट चालतात आणि व्ही३ वर गेल्या दिवशी मॅक शोधणं थांबतं. टूल तेच, सेटिंग तीच. राहून गेलेली असते ती स्विचवरची ग्रुपची ओळ.

इतर कंपन्यांचे स्विच

८०२.१क्यू हे व्हीलॅनचं मानक प्रमाणित झाल्यावर १९९९ मध्ये आरएफसी २६७४ मधून क्यू-ब्रिज मिब आली (आता तिची जागा २००६ च्या आरएफसी ४३६३ ने घेतली आहे). तिच्यात एकाच टेबलात सगळे व्हीलॅन असतात: १.३.६.१.२.१.१७.७.१.२.२.१.२. @ नको, कॉन्टेक्स्ट नको, एक वॉक केला की झालं. एचपी प्रोकर्व्ह, जुनिपर आणि इतर पुष्कळ स्विच हाच मार्ग वापरतात. नवा स्विच हाती आला की आधी हा ओआयडी वॉक करून बघा. भरभरून उत्तर आलं तर वरची सगळी यातायात वाचली.

इथे ओळीच्या खुणेत मॅकच्या आधी एक आकडा असतो. तो व्हीलॅन क्रमांक आहे असं समजून चालतात, आणि बऱ्याच स्विचवर तो खरंच तसा असतो. पण मिबप्रमाणे तो फॉरवर्डिंग डेटाबेसचा क्रमांक आहे. जुनिपरच्या ईएक्स मालिकेत हे दोन आकडे वेगळे निघतात आणि रिपोर्टमध्ये कुठेही न काढलेले व्हीलॅन उगवतात. जोडी लावायची तर १.३.६.१.२.१.१७.७.१.४.२.१.३ बघा, त्यात खुणेचा शेवटचा आकडा व्हीलॅन आणि उत्तर म्हणजे डेटाबेसचा क्रमांक. नेहमी ही जोडी लावूनच पुढे जा, आज आकडे जुळत असले तरी.

कुठला व्हीलॅन कुठल्या पोर्टवर जातो ते १.३.६.१.२.१.१७.७.१.४.३.१.२ वर मिळतं, आणि त्यातले अनटॅग्ड पोर्ट त्याच टेबलाच्या कॉलम ४ मध्ये. उत्तर हेक्समध्ये येतं, उदाहरणार्थ सी० ०० ०० ०१. प्रत्येक ऑक्टेट आठ पोर्टचा आणि डावीकडचा बिट सर्वांत लहान पोर्टचा. सी० म्हणजे पहिले दोन बिट, म्हणजे पोर्ट १ आणि २. चौथ्या ऑक्टेटचा शेवटचा बिट म्हणजे पोर्ट ३२. हे बिट उजवीकडून मोजले की पोर्ट १ च्या जागी ८ येतो आणि आठ-आठच्या गटात सगळं उलटं दिसतं. हेही ब्रिज पोर्टचेच क्रमांक आहेत. इंटरफेस इंडेक्स पुन्हा १७.१.४.१.२ मधूनच काढायचा.

अशा स्विचवर जुनं १७.४.३ चं टेबलही उत्तर देतं, सगळे व्हीलॅन एकत्र करून, आणि ते बघून ‘हेच सोपं आहे’ असं वाटतं. ते वापरू नका. त्यात खूण फक्त मॅकची आहे, त्यामुळे एक मॅक एकदाच येऊ शकतो. पण एकच मॅक अनेक व्हीलॅनमध्ये असणं ही रोजची गोष्ट आहे. एकाच केबलवर दहा व्हीलॅन घेणाऱ्या फायरवॉलचा मॅक बहुधा सगळीकडे तोच असतो. एचएसआरपीचा (अनेक राउटर मिळून एकच गेटवे दाखवण्याची सिस्कोची पद्धत) गट १ सगळ्या व्हीलॅनमध्ये वापरला असेल तर ००:००:०सी:०७:एसी:०१ हा मॅक प्रत्येक व्हीलॅनमध्ये दिसणार. सिस्कोचा आयपी फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये असतो आणि सुरू होताना डेटा व्हीलॅनमध्येही आपला मॅक सोडून जातो. एकत्रित टेबल यातली एकच जागा दाखवतं, आणि ती कुठली हे तुमच्या हातात नसतं.

मॅक काल होता, आज नाही

प्रश्न बरोबर, व्हीलॅन बरोबर, तरी यंत्र सापडत नाही. बायोमेट्रिक हजेरीची यंत्रं, प्रिंटर, दाराचे कंट्रोलर ही मंडळी मितभाषी असतात. कॅटॅलिस्टमध्ये शिकलेला मॅक ३०० सेकंद काही ऐकू आलं नाही तर विसरला जातो. उलट सिस्कोच्याच राउटरमध्ये एआरपीची (आयपीवरून मॅक शोधण्याची पद्धत) नोंद चार तास टिकते. म्हणून ‘राउटरला दिसतं, स्विचला दिसत नाही’ हे कोडं पडतं. दोघंही खरं सांगत असतात. उपाय सोपा आहे: मॅक टेबल वॉक करायच्या अगोदर त्या सबनेटला एक पिंगची फेरी मारा. पिंगला उत्तर न देणारं यंत्रसुद्धा एआरपीला उत्तर देतंच, आणि तेवढ्याने स्विचला मॅक कळतो. मात्र ही फेरी त्याच व्हीलॅनमधून किंवा गेटवेमार्गे गेली पाहिजे आणि गेटवेकडे त्या यंत्राची एआरपी नोंद आधीच ताजी असेल तर नवीन एआरपी जाणार नाही. तेव्हा उत्तर देणाऱ्या यंत्रांपुरतीच खात्री बाळगा. आयपी आणि मॅकची जोडी राउटरच्या १.३.६.१.२.१.४.२२.१.२ मधून घ्या.

दुसरं कारण जास्त त्रासदायक: स्पॅनिंग ट्रीचा (फ्रेम गोल फिरू नयेत म्हणून जादा वाटा बंद ठेवणारी पद्धत) टोपोलॉजी बदल. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये असा बदल झाला की मॅक विसरण्याची मुदत ३०० वरून तात्पुरती १५ सेकंदांवर येते. रॅपिडमध्ये तर नोंदी लगेच पुसल्या जातात. एंड पोर्टवर पोर्टफास्ट (इथे स्विच नाही, यंत्र आहे असं सांगणारी सेटिंग) लावलेलं नसेल तर सकाळी प्रत्येक कॉम्प्युटर सुरू होताना हा बदल घडतो, आणि नेमक्या त्याच वेळी केलेला वॉक अर्धवट येतो. हेही व्हीलॅनप्रमाणे एसएनएमपीतूनच तपासता येतं. ‘वाचक@१०’ देऊन १.३.६.१.२.१.१७.२.४.० वर बदलांची संख्या मिळते, आणि १.३.६.१.२.१.१७.२.३.० वर शेवटच्या बदलाला किती वेळ झाला ते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. सिस्कोचा स्पॅनिंग ट्री व्हीलॅनगणिक वेगळा चालतो, त्यामुळे इथेही @१० विसरलात तर व्हीलॅन १ चं शांत चित्र बघून समाधान मानाल. संख्या दर पोलिंगला चढत असेल तर आधी पोर्टफास्ट लावा, मॅकचा शोध नंतर.

वॉक करतानाच्या काही सवयी

मॅकचा कॉलम १ आणि पोर्टचा कॉलम २ असे दोन वेगळे वॉक करून नंतर जोडू नका. दोन वॉकच्या मधल्या वेळात टेबल बदलतं आणि जोड्या चुकतात. कॉलम २ च्या खुणेतच मॅक आहे; तो एकटा पुरे. गेटबल्क (एका प्रश्नात अनेक ओळी मागण्याची सोय) वापरा, पण एका खेपेला पंचवीस-तीस ओळींपेक्षा जास्त मागू नका. जुन्या कॅटॅलिस्टचा सीपीयू एसएनएमपीच्या प्रोसेसमध्ये अडकलेला दिसतो तो बहुधा अशाच हावरट मागण्यांमुळे. एका स्विचला एकाच वेळी अनेक व्हीलॅन समांतर विचारणंही टाळा. वेग हवा असेल तर अनेक स्विच समांतर घ्या. ‘ओआयडी वाढत नाही’ अशी तक्रार करून वॉक मध्येच थांबला तर स्विच टेबल क्रमाने देत नाहीये असा अर्थ. नेट-एसएनएमपीत ती तपासणी बंद करता येते, पण मग वॉक गोल फिरत राहणार नाही यासाठी वेळेची मर्यादा घाला.

अपलिंकवरचे मॅक गाळल्याशिवाय रिपोर्टला अर्थ नाही, कारण एकच मॅक वाटेतल्या प्रत्येक स्विचच्या अपलिंकवर दिसतो. ‘दहापेक्षा जास्त मॅक असलेला पोर्ट म्हणजे अपलिंक’ हा नियम व्हर्च्युअल मशीनच्या सर्व्हरपाशी मोडतो. त्यापेक्षा सीडीपी किंवा एलएलडीपी (यंत्रं शेजाऱ्याला आपली ओळख सांगतात त्या पद्धती) यातून शेजाऱ्यांची यादी घ्या: सीडीपीसाठी १.३.६.१.४.१.९.९.२३.१.२.१.१.६ आणि एलएलडीपीसाठी १.०.८८०२.१.१.२.१.४.१. शेजारी स्विच असेल तो पोर्ट गाळा, फोन असेल तो ठेवा. पोर्ट-चॅनल (अनेक पोर्ट जोडून केलेला एक) असेल तर मॅक चॅनलच्या इंडेक्सवर दिसतो आणि सीडीपी त्यातल्या सुट्या पोर्टवर, ही गाठ स्क्रिप्टमध्ये स्वतः सोडवावी लागते.

इंटरफेस इंडेक्स डेटाबेसात साठवून ठेवत असाल तर स्विचवर इंडेक्स कायम ठेवण्याची सेटिंग चालू करा. काही मॉडेलवर रीस्टार्टनंतर हे आकडे बदलतात आणि जुन्या नोंदी भलत्याच पोर्टला चिकटतात. साठवायचंच तर पोर्टचं नाव आणि पाहिल्याची वेळ साठवा.

राहता राहिला व्हीलॅनप्रमाणे ट्रॅफिक. व्हीलॅन इंटरफेसचे काउंटर वाचून आलेख काढतात आणि तो जवळजवळ सपाट दिसतो. त्या इंटरफेसवर मोजलं जातं ते गेटवेकडे आलेलं. एकाच व्हीलॅनमधल्या दोन यंत्रांचं आपसातलं बोलणं तिथे पोचतच नाही. क्यू-ब्रिज मिबमध्ये पोर्ट आणि व्हीलॅनप्रमाणे फ्रेम मोजणारं टेबल आहे, १.३.६.१.२.१.१७.७.१.४.६, पण पुष्कळ स्विच ते भरत नाहीत. वॉक करून बघा; रिकामं आलं तर ॲक्सेस पोर्टचे काउंटर व्हीलॅनप्रमाणे बेरीज करा, किंवा ट्रंकवर एसफ्लो अथवा नेटफ्लो (ट्रॅफिकचे नमुने किंवा नोंदी पाठवणाऱ्या सोयी) लावा.